उजवीकडून येणाऱ्याला आधी

सुनीतीनं पुन्हा ब्रेक दाबला आणि मागच्या गाड्यांनी पुन्हा हॉर्न वाजवून गल्ली डोक्यावर घेतली.

उजवीकडच्या गल्लीतून एक पिकअप येत होती. ती पुढे निघून जाईपर्यंत सुनीती जागची हलली नाही. पिकअपवाला बिचारा आधी गोंधळला, मग हात हलवून गेला. दोह्याच्या मदिनत खलीफा वस्तीत त्याच्यासाठी असं कधी कुणी थांबलं नसावं. त्यातून मोठा रस्ता वर्ल्ड कपसाठी खणून ठेवलेला, त्यामुळे हल्ली सगळं दोहा याच गल्ल्यांमधून वाट काढत होतं, आणि कुणालाच दम धरवत नव्हता.

"लोक शिव्या देतायत," शेजारून संजीव म्हणाला. इथे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे तो तिच्या उजवीकडे बसला होता.

"देऊ देत. आणि तुम्ही बोलायचं नाही असं ठरलंय."

"मी तुझ्या चालवण्याबद्दल कुठे बोललो? लोकांबद्दल बोललो."

घरातून निघतानाच सगळं ठरलं होतं. तिनं सूक वाकिफच्या जुन्या बाजारापर्यंत गाडी धड नेली, तर जूनमध्ये फ्रान्सला भाड्याची गाडी घेऊन दोघंच फिरायचं. नाही जमलं, तर उद्या सकाळी टूरवाल्यांना होकार कळवायचा. आणि वाटेत संजीवनं चालवण्याबद्दल तोंडातून अक्षर काढायचं नाही, ही सुनीतीची अट. अट पाळायचा तो आपल्या परीनं प्रयत्न करत होता. पण ती थांबली, की त्याचा पाय तिथे नसलेला अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा.

जन्मभर गाडी त्यानं चालवली होती. रोज रास लफानच्या गॅस प्रकल्पावर जाऊन-येऊन, वर सुट्टीच्या दिवशी तिला घेऊन भाजीला. हिवाळ्यात उजव्या डोळ्याचा पडदा सुटला, ऑपरेशन झालं, आणि त्या बाजूला नुसतं धुकं उरलं. आता तो कंपनीच्या बसनं जायचा. डावा डोळा चांगला होता. डॉक्टर त्याच्याबद्दल "लक्ष ठेवू या" एवढंच म्हणाले होते. ते शब्द सुनीतीच्या मनातून जात नव्हते.

टूर म्हणजे आठवड्याभरात पाच देश आणि रात्री वरण-भात. फोटो काढून होत नाही तोवर गाईड शिट्टी मारणार. सुनीतीला ते नको होतं. तिला लुआर नदीच्या काठाकाठानं जायचं होतं. ऑर्लेयाँ, ब्लुआ, तूर अशी गावं घेत. जिथे आवडेल तिथे गाडी लावायची, जुन्या दगडी गल्ल्यांतून पाय दुखेपर्यंत हिंडायचं, दुसऱ्या दिवशी वाटलं तर पुन्हा तीच गल्ली. दिसतंय तोवर त्यानं पोटभर बघून घ्यावं. हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं. सांगताना रडू आलं असतं, आणि रडत रडत गाडी चालवता येत नाही.

तिथल्या जुन्या गावांत म्हणे पाटी नसेल तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तो लहानशा गल्लीतून येवो, नाहीतर कुठूनही. ते अंगात मुरावं म्हणून ती इथे प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थांबत होती. इथला नियम कुठला आणि तिथला कुठला, याची दोह्याला पर्वा नव्हती. सुनीतीला होती.

पुढचं वळण आलं. ती थांबली.

मागून एक टॅक्सी किंचाळली, तिच्यामागून दुसरी. संजीवनं समोर बघितलं, डावीकडे बघितलं. कुठे काही नव्हतं. मग मात्र त्याचा धीर सुटला.

"अगं, चल ना! मोकळा आहे रस्ता! कोण येतंय इथे? यल्ला, चल!"

सुनीतीनं पाय ब्रेकवरून उचलला नाही.

त्याच्या खिडकीच्या बाजूनं एक भलीमोठी लँड क्रूझर आली, वेग जराही कमी न करता त्यांच्या बॉनेटला चाटून गेल्यासारखी गेली आणि डावीकडच्या गल्लीत शिरली. गाडी क्षणभर हादरली.

संजीवचे दोन्ही हात डॅशबोर्डवर होते. ते त्यानं मांडीवर घेतले. सुनीती हलली असती, तर ती गाडी त्याच्याच दारावर आली असती.

"मला दिसली नाही," तो म्हणाला.

"मला दिसली," सुनीती म्हणाली. तिनं पुन्हा उजवीकडे बघितलं आणि गाडी पुढे काढली.

त्याचा पाय आता हलत नव्हता. मग त्यानं पूर्ण मान उजवीकडे वळवली, डावा डोळा पोहोचेल इतकी, आणि खिडकीबाहेर बघायला लागला. बंगल्यांच्या भिंती गेल्या, एक हिरवं लोखंडी दार गेलं. दाराशी खुर्ची टाकून एक म्हातारा गृहस्थ चहा पीत होता.

"अगं, हा कडुलिंब इथे कधी आला?"

"आपण राहायला आलो तेव्हापासून आहे. दर पाडव्याला गुढीला पाला कुठून येतो वाटलं तुम्हाला?"

"मी रोज इथून गेलोय."

"तुम्ही रस्ता बघत होतात."

झाड मागे पडायला लागलं, तशी त्याची मानही त्याच्याबरोबर मागे वळत गेली. मागचा टॅक्सीवाला पुन्हा हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

"जरा हळू घे," संजीव म्हणाला. "मला बघू दे."