पहिली पेशंट

"सुईनं तुझ्याच पेशी सोडायच्या, दीड महिन्यात छाती हवी तेवढी भरते. टाका नाही, सिलिकॉन नाही. दुपारी घरी जेवायला जाशील," डॉ. शरयू पंचविशीतल्या भाचीला, ऋजुताला, सांगत होत्या.

शेजारी बसलेल्या हेमाताईकडे, आपल्या थोरल्या बहिणीकडे, बघायचं त्यांना धाडस होईना. बारा वर्षांपूर्वी त्यांनीच तिच्या छातीत सिलिकॉन बसवलं होतं. ते आतल्या आत फुटलं आणि ताईची दोन वर्षं अंथरुणात गेली.

"ताई, ते फुटू शकतं हे मला माहीत होतं," शरयू एकदम बोलून गेल्या. "तू माझी पहिलीच पेशंट होतीस. मागे फिरशील म्हणून सांगितलं नाही."

हेमाताई लेकीकडे वळली. म्हणाली, "मावशीला सगळं खोदून खोदून विचार. मी बहीण म्हणून काहीच विचारलं नव्हतं."