खालची रांग

"हीसुद्धा उकडली!" दुकानदाराने बाटली काउंटरवर आपटली. बूच अर्धं बोट वर आलं होतं आणि मानेवरचा लाल ओघळ वाळून चिकट झाला होता. त्याने बूच उपटलं, घोटभर वाइन तोंडात घेतली आणि बेसिनमध्ये थुंकली. "ही वाइन आहे? जॅमचं पाणी आहे जॅमचं!"

दुकान दीड महिन्याने उघडत होतं. ऐन कडाक्याच्या थंडीत नवरा-बायको गाडी काढून डोंगरापलीकडे गेले होते. द्राक्षमळा दिसला की थांबायचं, चाखायचं, फोटो काढायचे, पुढे निघायचं. आज चार वाजता नेहमीची गिऱ्हाइकं येणार होती. त्यांच्यासाठी त्याने मागच्या मांडणीतली सगळ्यात खालची रांग राखून ठेवली होती. दहा वर्षं आडव्या निजवलेल्या बाटल्या. वरच्या रांगा ठणठणीत होत्या. खालचीच तेवढी गेली होती.

आणि तिच्यासमोर, जमिनीवर, हीटर होता.

"बारके, हा इथे कोणी आणला?"

बारकी त्याची धाकटी बहीण. चाळिशी उलटली तरी भावाला ती बारकीच. दुकानाची एक चावी तिच्याकडे दिलेली होती. आठवड्यातून एकदा यायचं, टपाल उचलायचं, कुलूप बघायचं, बस. मघाशी हे दोघं आले तेव्हा ती आधीच आत होती. "वा, जन्मात पहिल्यांदा वेळेवर आलीस," तो म्हणाला होता. तेव्हा तो हसत होता.

"मी आणला," बारकी म्हणाली.

"कशाला?"

तिने गळ्यातली चावी मुठीत धरली.

"अगं, उन्हाळ्यात घरी आम्ही उकाड्यात तडफडत होतो तेव्हा इथे एसी होता! या बाटल्यांसाठी! आणि तू हीटर लावतेस? अक्कल काय नवऱ्याकडे ठेवून आलीस?"

"अहो, हळू बोला," बायको म्हणाली.

ती ग्लास धुवायला बेसिनपाशी गेली होती. धुवायला काही नव्हतंच. सगळे ग्लास लख्ख होते. फरशी पुसलेली होती. बेसिनच्या कडेला अंगाच्या साबणाची वडी होती, झिजून नखाएवढी झालेली. निघताना तिथे साबण नव्हता, हे तिला पक्कं आठवत होतं. तिने नणंदेकडे पाहिलं. नणंद तिच्याकडेच बघत होती. बायकोने साबणावर फडकं टाकलं.

"अहो, पुरे आता."

"तू मध्ये पडू नकोस! हिला फोन करता येत होता ना? पहिल्या आठवड्यात तर रोज करत होती. 'दादा, मला इथे राहवत नाही, दादा, मी काय करू, दादा, याने आज पुन्हा...' नवऱ्याची रडगाणी गायला बरा फोन लागायचा! मग एकदा हेही विचारायचं होतं, दादा, हीटर लावू का?"

बायकोला तो शेवटचा फोन आठवला. गाडीतल्या स्पीकरवर होता. हा म्हणाला होता, "घाटात आहोत गं, आवाज तुटतोय. आल्यावर बोलू." रस्ता सपाट होता. आवाज शेजारी बसल्यासारखा स्वच्छ येत होता. याने बटण दाबलं होतं आणि तिने स्वतः विचारलं होतं, "जेवायला कुठे थांबायचं?" त्यानंतर फोन आला नाही. "मिटलं वाटतं," हा म्हणाला होता. तिलाही हायसं वाटलं होतं. लोकांचं असंच मिटतं. फोन बंद झाला की मिटलं.

बाहेर कुणीतरी काचेवर टिचकी मारली. एक जुनं गिऱ्हाईक होतं, मफलर कानांवरून गुंडाळलेलं. दुकानदार गोड हसला, पाच मिनिटं अशी बोटं दाखवली आणि वळताना हसू पुसून टाकलं.

"बरं, लावला तर लावला," तो दात आवळून म्हणाला, "जमिनीवर कशाला? जमीन तापवून दुकान गरम होतं का? आणि ही अडगळ कोणाची?"

काउंटरमागे रिकामी खोकी उघडून, चपटी करून, एकावर एक नीट अंथरलेली होती. मांडणीला लागून. खालच्या रांगेच्या अगदी शेजारी. त्याने त्यांना लाथ मारली. वरचा पुठ्ठा सरकला. मधोमध दबलेला होता.

बायकोने तोंडावर हात ठेवला. त्याला काही दिसलं नाही. तो अजून बाटल्याच बघत होता.

"सांग ना! थंडी कुणाला वाजत होती इथे? बाटल्यांना? मग स्वेटर विणायचे होतेस त्यांना! कानटोप्या घालायच्या होत्यास!"

स्वतःच्याच विनोदावर त्याला हसू फुटलं. बाहेर काचेवर पुन्हा टिचकी वाजली.

बारकीने वाकून पुठ्ठा होता तसा सरळ केला. मग गळ्यातली चावी काढून काउंटरवर, त्या उकडलेल्या बाटलीशेजारी ठेवली.

"मला वाजत होती," ती म्हणाली. "तू 'आल्यावर बोलू' म्हणालास त्या दिवसापासून. आलास ना आता? बोल."