कुलंगडी

“त्यात माझं नाव हाय का?” सरपंच व्यंकटरावांनी उंबऱ्यातूनच विचारलं.

पंचशीलाबाईंनी पेनाला टोपण लावलं. “या, बसा. पाणी तेवढं मागू नका, सरपंच.”

ते बसले. भीमनगरात पहिल्यांदाच.

एका शब्दानं त्यांना इथं आणलं होतं. तो कानावर पडला आज सकाळी, शिवप्पाच्या किराणा दुकानात.

“नर्सबाई रिटायर झाल्या. आता आत्मचरित्र लिहून राहिल्या,” शिवप्पा म्हणाला.

“म्हंजे काय?” व्यंकटरावांनी विचारलं.

“आपली लाज लिहिली तर आत्मचरित्र. दुसऱ्याची लिहिली तर कुलंगडी. खप कुलंगड्यांनाच लई.”

दुकान हसलं. व्यंकटराव हसले नाहीत.

ही बाई गावच्या घराघरात शिरलेली. कुणाच्या तापात कोण काय बरळलं असेल? पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर किशन हिच्याकडूनच इंजेक्शन घ्यायचा. तो बोलला असेल? की त्याची बायको?

“सिस्टर, दुष्काळाचं लिहिलं का?” आता तिच्यासमोर बसून त्यांनी विचारलं.

“लिहिलं.”

“पाण्याचं?”

“पाण्याबिगर दुष्काळ कसला? बाया नदीत झरे खोदत्यात. वाटीनं घागर भरत्यात. नव्या जिल्ह्याला आमची वस्ती अजून दिसली न्हाई, ते बी लिहिलं.”

टोमणा. नक्कीच टोमणा. व्यंकटरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

“सगळं लिहिलं?”

“हाव. सगळं.”

दाराबाहेर शेजारची भामाबाई काखेत रिकामी घागर घेऊन उभी होती. विसावा घेत होती की ऐकत होती, कळेना. व्यंकटराव पुढं सरकले. आवाज खाली आला.

“हे बघा, लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या निघाल्या, क्वार्टर निघाले. सिमिटाला पाणी लागतंय. बांधकामाचा गुत्तेदार दारात येऊन बसतो. माणूस घसरतो, सिस्टर. मी काय एकटाच घसरलो का?”

पंचशीलाबाईंनी पेन वहीवर आडवं ठेवलं.

“माझं बाकी काय लिवायचं ते लिवा. भावाची जमीन लिवा. रुक्मिणबाईचं लिवा, गावाला ठाऊकच हाय. पण भीमनगरच्या टँकरचं तेवढं गाळा. निवडणूक तोंडावर हाय.”

त्यांनी हात जोडले. खरोखर जोडले.

बाहेर घागर जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला.

पंचशीलाबाईंनी पेन उचलून टोपण काढलं.

“सरपंच,” त्या म्हणाल्या, “भीमनगरला टँकर मंजूर हाय?”