एकाच रक्ताची
संधिवातानं बोटं सुजल्यापासून तिच्या स्वेटरची बटणं रोज नवराच लावायचा, तेही न कुरकुरता. नैराश्यानं महिनाभर अंथरूण न सोडलेल्या लेकीला मात्र तो दाराबाहेरूनच "आळशी" म्हणून हिणवायचा. आज बटणं लावताना तो पुन्हा लेकीवर ओरडला, तसा तिनं त्याचा हात बाजूला सारला. "माझ्या बोटांना कधी आळशी म्हणालात?" "तुझं दुखणं खरं आहे," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाल्या, माझं शरीर माझ्यावरच उलटलंय, लेकीचं मन तिच्यावर, दोन्हींचं मूळ आम्हा मायलेकींच्या एकाच रक्तात असू शकतं. माझं खरं, तर तिचंही खरं." उघड्या स्वेटरनिशीच ती लेकीच्या खोलीत शिरली, पलंगाच्या कडेला बसली. "आज दवाखान्यात जायचंय. तू उठेपर्यंत मी हलणार नाही." अखेर लेक उठून बसली, तेव्हा बाप आत आला आणि तिच्या पायांत मोजे चढवू लागला.