खिडकीची जागा

"आई, तू आत सरक, खिडकीपाशी," दिगंबर ऐटीत म्हणाला. आईचा हा पहिलाच विमानप्रवास होता. आठवडाभर सीटांचे नकाशे धुंडाळून त्याने पंखाच्या पुढची, उन्हाच्या उलट बाजूची ही जागा हेरली होती. विमानात कुठे बसावं याचा सल्ला ऑफिसात सगळे त्याच्याकडूनच घेत.

आई आत सरकली आणि थबकली. पुढच्या रांगेला खिडकी होती, मागच्या रांगेलाही होती. त्यांच्या रांगेला मात्र कोरी भिंत!

दिगंबरने ती भिंत हाताने चाचपून पाहिली. मग घाईघाईने एअर होस्टेसला बोलावलं.

"सर, या रांगेला खिडकी नसतेच. आणि विमान भरलंय," ती हसू दाबत म्हणाली.

"चुकलं गं माझं," तो आईला म्हणाला. "मोठा जाणकार समजत होतो स्वतःला."

आईचा चेहरा मात्र खुलला होता. "अरे, खाली बघायच्या धास्तीने काल मला घास गेला नाही. तुझा हिरमोड नको म्हणून बोलले नाही. किती विचार करून जागा निवडलीस रे!"

भिंतीला डोकं टेकून ती निवांत झोपली. मधल्या सीटवर गुडघे आवळून बसलेला दिगंबर ती शाबासकी मुकाट्याने गिळत राहिला.