बिघडलेले लाडू

दार शरदनंच उघडलं. बाहेर अरविंद डबा पोटाशी धरून उभा होता. सरकारनं कारखाना विकावा की राखावा यावरून दोघांची गेटवर चारचौघांत हमरीतुमरी झाली, आणि "तू विकला गेलास" असं शरदला सुनावून बसल्यापासून त्यानं राजाजीनगरातल्या या घराची पायरी चढली नव्हती. आज संक्रांत, म्हणून निमित्त तरी होतं.

"तिळगूळ घे," तो म्हणाला. पुढचं 'गोड बोल' त्यानं गाळलं.

बायको प्रतिमा नागपूरला लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, त्यामुळे लाडू त्यानं स्वतः केले होते. युनियनच्या सेक्रेटरीला शोभतील असेच. सगळे मापून, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. शरदनं एक डावीकडून चावून पाहिला, उजवीकडून चावून पाहिला आणि हळूच तोंडातून बाहेर काढला.

"दिसायला एकसारखे आहेत रे. पण माणसानं खायचे कसे?"

"तुझे आण बघू!"

स्मितावहिनींचा हात प्लास्टरमध्ये, तेव्हा इथंही पुरुषाचाच स्वयंपाक. शरदनं वाडगा आणला. तीळ, दाणे आणि गुळाचा चिखल.

"हे लाडू?"

"मोकळं सोडलंय. स्वल्प वेळ दे, आपोआप धरेल. नाहीतर शेजारचे कानडी लोक सुटाच तिळगूळ वाटतात ना, एळ्ळु-बेल्ल, तसं समजून खा."

"आपोआप! देश आपोआप वर येणार, गरिबाचं पोटही आपोआप भरणार!"

"आणि तुझं सगळं मापात. दात पडले तरी मापात!"

अरविंदनं डब्याचं झाकण लावलं. आता गेलो तर परत येणं नाही, हे त्याला कळत होतं. त्याला मनापासून वाईट वाटलं, आणि पाय तर निघत नव्हता.

"भावजी, डबा इकडे द्या," स्मितावहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "तुमचा पाक करपायला आला होता, यांचा झालाच नव्हता. दोन्ही एका कढईत घाला. वळायचे मात्र तुम्ही दोघांनी."

अरविंदनं बत्त्यानं आपले लाडू फोडले. जिवावर आलं, पण फोडले. शरदनं त्यावर आपला चिखल ओतला. गॅसवर गूळ पुन्हा पातळ झाला, खमंग वास सुटला, आणि दोघं हाताला तूप लावून चटके खात वळायला बसले.

"एवढा मोठा? त्यात दोघांचे होतील," अरविंद म्हणाला.

"ज्याची जेवढी भूक, तेवढा."

"आणि ज्याच्यापर्यंत पोचणारच नाही, त्याचं काय?"

"आधी वळा, गार होतंय," वहिनी कडाडल्या.

शरदनं आपल्या हातातला वेडावाकडा लाडू अरविंदच्या तळव्यावर ठेवला. अरविंदनं चावला. दाताला लागत होता, पण फुटत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गोड बोल असं मी म्हणणार नाही," शरद म्हणाला. "तुला ते जमायचं नाही. पण भांडायला येत जा."