तिसरी मुदतवाढ

बेकरीच्या मालकांनी केक सजवणाऱ्या ताईचं प्रोबेशन तिसऱ्यांदा वाढवलं. "काका, माझ्या कामात काय कमी पडतं ते तरी सांगा," ती म्हणाली.

"छे गं, तुझ्या हाताला तोड नाही. पण पर्मनंट व्हायची एवढी घाई कशाला?" मालक हसत म्हणाले आणि गल्ल्याकडे वळले. तिचं तोंड एवढंसं झालं.

घरी आत्यानं तिला चांगलंच फैलावर घेतलं. "नुसत्या कौतुकानं पोट भरतं का? दुसरीकडे विचारून बघ की!"

आठवड्याभरानं, शेवटच्या केकवर क्रीमचं फूल काढून झाल्यावर, ताईनं मालकांना सांगितलं, "काका, उद्यापासून मी समोरच्या बेकरीत जाणार. ते मला थेट पर्मनंट घेतायत."

मालकांच्या तोंडचं पाणीच पळालं. "असं कसं? ऑर्डरींचा ढीग पडलाय इथे! नोकरी सोडायची तर महिनाभर आधी सांगावं लागतं, नियम आहे तसा!"

ताईनं ॲप्रन काढून खुंटीला अडकवला.



"तो नियम पर्मनंट माणसांना, काका. प्रोबेशनवाल्यांना एक दिवस पुरतो."